पन्नाशीची शॅम्पेन कशी उघडावी, कशी प्यावी

प्रश्न असा आहे: नवऱ्याच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी लंडनच्या एका लिलावातून १९७५ सालच्या व्हिंटेज शॅम्पेनच्या दोन बाटल्या घेतल्या आहेत. इतकी जुनी बाटली घरात कुणी कधी उघडलेली नाही. बूच मध्येच तुटतं म्हणतात, ते खरं का? फेस आला नाही तर पैसे बुडाले असं समजायचं का? शिवाय पुण्यात नणंदेच्या कपाटात ऐंशीच्या दशकातली एक बाटली पडून आहे, तिचं काय करावं?

आधी फेसाचं बोलू, कारण जुन्या शॅम्पेनच्या बाबतीत लोकांची सगळ्यात जास्त निराशा तिथेच होते. लंडनमध्ये रेस्टॉरंटांच्या वाइनचं काम करता करता माझं अर्धं आयुष्य गेलं. बुडबुडे दिसले नाहीत म्हणून बाटली परत पाठवणारे गिऱ्हाईक आणि त्याच बाटलीतला उरलेला घोट स्वयंपाकघरात डोळे मिटून पिणारे आम्ही, हे चित्र मी बऱ्याचदा पाहिलंय. ताज्या शॅम्पेनच्या बाटलीत साधारण खोलीच्या तापमानाला ६ ॲटमॉस्फिअरच्या आसपास दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या अडीचपट तरी. वाइन बाटलीत भरताना लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात, ते आत दुसऱ्यांदा आंबतं आणि तयार झालेला वायू कोंडून राहतो. त्याला अडवायला असतं फक्त एक बूच, म्हणजे झाडाची साल. ती कितीही घट्ट बसवली तरी तिच्या अंगातून आणि काचेच्या कडेने वायू वर्षानुवर्षं झिरपत राहतो. बुचाची लवचीकताही हळूहळू जाते. पन्नास वर्षांनी आत किती वायू उरला, हे बूच कसं होतं आणि बाटली कुठे पडून होती यावर ठरतं. वाइनचा दर्जा हा निराळा प्रश्न आहे. वायू जवळजवळ गेलेला असूनही वाइन अप्रतिम, असं होतं. भरपूर फेस आणि वाइन मात्र थकलेली, असंही होतं.

म्हणून तुमच्या १९७५ला आधी वाइन समजा, मग शॅम्पेन.

साल चांगलं निवडलंत, किंवा नवऱ्याने जन्माला यायला चांगलं साल निवडलं म्हणा. १९७५ची शॅम्पेन बांध्याने काटक, आम्लता शाबूत असलेली. पुढचं १९७६ साल उष्णतेच्या लाटेचं आणि दुष्काळाचं. द्राक्षं लवकर पिकली आणि वाइन भरदार, गुबगुबीत झाली. सुरुवातीला कौतुक ७६चं जास्त झालं, पण लांबच्या प्रवासाला मला ७५ अधिक भरवशाचं वाटतं, कारण म्हाताऱ्या शॅम्पेनला उभं धरते ती आम्लताच. ७२ किंवा ८४ साली जन्मलेल्या कुणासाठी विचारलं असतंत, तर शॅम्पेनचा नाद सोडा म्हणालो असतो.

आता एक गोष्ट बाटलीच्या मागच्या लेबलावर शोधा: साका कधी काढला. दुसऱ्यांदा आंबून झाल्यावर मेलेलं यीस्ट बाटलीतच तळाशी राहतं, तोच साका. व्हिंटेज, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांची शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान ३ वर्षं बाजारात आणता येत नाही. शॅम्पेन बनवणारी चांगली घराणी त्याहून पुष्कळ जास्त थांबतात. या काळात वाइन साक्यावर असते आणि साका तिला हवेपासून जपतो. मग तो गळ्याशी आणून बाहेर काढतात, थोडं गोड मिश्रण घालतात आणि नवं बूच मारतात. त्या दिवसापासून बाटलीचं दुसरं वय सुरू होतं. एकाच घराण्याची, एकाच सालची एक बाटली ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला साका काढून विकली गेलेली असू शकते आणि दुसरी तिथेच तळघरात आणखी वीस-पंचवीस वर्षं साक्यावर झोपलेली. पेल्यात या दोन बाटल्या एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. उशिरा साका काढून विकण्याची प्रथा बॉलिंजे घराण्याने नावारूपाला आणली: १९५२ सालची वाइन त्यांनी १९६७मध्ये ‘आर. डी.’ म्हणजे नुकताच साका काढलेली, अशा नावाने बाजारात आणली. दों पेरिन्योंची ‘पी २’ हीदेखील अशीच उशिराने बाहेर येणारी वाइन.

लेबलावर तारीख असेल आणि ती अलीकडची असेल, तर बूच नवं आहे आणि दाबही बराच शिल्लक असणार. ती बाटली ताज्या शॅम्पेनइतक्याच धाकाने हाताळा. लेबलावर १९७५ दिसतंय म्हणून आतला दाब पन्नास वर्षांचा म्हातारा झाला असेल, असं गृहीत धरू नका. तारीख नसेल तर बहुतेक ती जुन्या काळीच साका काढून विकलेली बाटली. मला स्वतःला या दुसऱ्या जातीचं वेड आहे. साका काढल्यावर घातलेली साखर आणि यीस्टमधून वाइनमध्ये उतरलेले घटक यांची इतक्या वर्षांत हळूहळू क्रिया होते आणि भाजलेल्या पावाचे, कॉफीचे, तूप कढवल्यावर भांड्याला लागलेल्या बेरीचे वास तयार होतात. ते घाईने होत नाही. उशिरा साका काढलेल्या बाटलीत टवटवीतपणा जास्त असतो, पण इतकी वर्षं हवेपासून लांब राहिलेल्या वाइनला त्या वयात एकदम हवा लागली की ती पुढे भरभर म्हातारी होते. तशी बाटली विकत घेऊन पुन्हा वीस वर्षं ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

आता बाटली उभी धरा आणि अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा टॉर्च लावा. दोन गोष्टी बघायच्या. एक, पातळी. बुचाखाली थोडी जागा रिकामी असणं या वयात रास्त आहे. पातळी पार खांद्यापर्यंत उतरली असेल तर बुचाने दगा दिलाय. दुसरा, रंग. हिरव्या काचेतून नेमका कळत नाही, पण सोनेरी, गडद सोनेरी, अगदी अंबरसारखा असला तरी घाबरू नका. काढ्यासारखा तपकिरी आणि वर गढूळ असेल तर मात्र दुसऱ्या बाटलीवर भिस्त ठेवा. बाटली पांढऱ्या काचेची असेल तर आणखी एक धोका असतो, उजेडाचा. लुई रोदेरेरची ‘क्रिस्ताल’ १८७६मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी पारदर्शक बाटलीत बनवली गेली आणि आजही ती अतिनील किरण अडवणाऱ्या पिवळसर कागदात गुंडाळून येते, ते याचसाठी. उजेड लागलेल्या शॅम्पेनला शिजलेल्या कोबीचा वास येतो आणि तो जात नाही.

लिलावातून घरी येताना बाटल्या हादरल्या असणार, त्यांना दोन-तीन आठवडे थंड, अंधाऱ्या जागी आडव्या पडू द्या. पार्टीच्या दोन दिवस आधी उभ्या करा, म्हणजे आत काही कण असतील तर खाली बसतील. त्या दिवशी सकाळी फ्रिजमध्ये, पण दारात नको. दर पाच मिनिटांनी दार आपटणाऱ्या घरात तर नकोच. उघडताना बाटली चांगली गार हवी, ५-६ अंश. इतक्या गारव्याला दाब खोलीच्या तापमानाच्या मानाने निम्म्याच्या आसपास येतो. पिताना मात्र ती ११-१२ अंशांवर यायला हवी. बर्फासारखी गार प्यायलात तर पन्नास वर्षांत जे तयार झालं त्यातलं काही नाकाला कळणार नाही.

आता बूच. तुटतं हे खरं आहे. शॅम्पेनच्या बुचाचा वरचा भाग सालीच्या चुऱ्याचा आणि वाइनला लागणारा खालचा भाग अखंड सालीच्या चकत्यांचा, असं ते गोंदाने जोडून केलेलं असतं. कोरं असताना त्याची जाडी साधारण ३१ मिलिमीटर. ते दाबून त्याहून कितीतरी अरुंद गळ्यात घुसवतात. तरुण बूच बाहेर आलं की खालून घागऱ्यासारखं फुलतं. पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं बूच फुलणं विसरलेलं असतं, खुंटीसारखं सरळ राहतं. त्यामुळे ते स्वतःहून वर ढकललं जात नाही, तुम्हालाच ओढावं लागतं. आणि ओढताना जिथे गोंद सुटलाय तिथे दोन तुकडे होतात.

क्रम असा ठेवा. वरचा पत्रा काढा आणि बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्या; जुन्या पत्र्यात शिसं असू शकतं आणि खाली बुरशीही असते. बुरशीला घाबरायचं कारण नाही, तळघर दमट होतं एवढंच त्यातून कळतं. मग एका हाताचा अंगठा बुचावर ठेवा आणि तो आता शेवटपर्यंत तिथून हलवायचा नाही. तारेच्या जाळीची कडी सहा अर्धे फेरे उलट फिरवली की जाळी सैल होते. जुनी तार गंजलेली असेल तर कडी हातात येते. मग पकडीने तार तोडा, अंगठा तिथेच. जाळी सैल करा पण काढू नका, तिच्यामुळे पकड चांगली बसते. बाटली तिरपी धरा, तोंड माणसांपासून, दिव्यापासून आणि नवऱ्याच्या टीव्हीपासून लांब. बूच स्थिर धरून बाटली बुडाकडून फिरवा, पाव इंच इकडे, पाव इंच तिकडे. घाई केलीत की तुटलंच म्हणून समजा. अजिबात हलत नसेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं फक्त गळ्याभोवती मिनिटभर गुंडाळा. काच किंचित प्रसरण पावते आणि बूच सुटतं. शॅम्पेनच्या बुचासाठी खास पकडही मिळते, ती जवळ असली तर उत्तम.

डोकं तुटून हातात आलं आणि खालचा तुकडा गळ्यातच राहिला, तर थांबा. इथे लोक उत्साहात कॉर्कस्क्रू घुसवतात आणि तेच धोक्याचं आहे, कारण आत दाब किती उरलाय हे तुम्हाला माहीत नाही आणि आता जाळीही नाही. बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा. नंतर ती जाड टॉवेलमध्ये गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल चढवा, चेहरा बाजूला ठेवा. साधा वेटर लोकांचा बारीक कॉर्कस्क्रू घ्या आणि सरळ, एकेक अर्धा फेरा देत आत न्या. स्क्रूच्या कडेने ‘स्स्स’ असा आवाज आला तर तो पुरता थांबेपर्यंत हात हलवायचा नाही, वायूला स्वतःची वाट काढू द्या. शांत झालं की मगच सावकाश ओढा. दोन पात्यांचं बूचओढणं अशा तुकड्यावर वापरू नका, कारण त्याची पाती घुसवताना तुकडा खाली ढकलला जातो. आणि तलवारीने बाटली उडवण्याचे जे व्हिडिओ फिरतात, ते या बाटल्यांच्या बाबतीत डोक्यातूनच काढून टाका.

चुरा पडला तर स्टीलच्या बारीक गाळणीतून गाळा. चहाची गाळणी नको, कितीही घासली तरी तिला वेलदोड्याचा आणि आल्याचा वास असतोच.

सगळं नीट पार पडलं तर फटाक्यासारखा आवाज येणार नाही. ‘फुस्स’ झालं तर छान, नुसतं ‘टुक्’ झालं तरी चालेल. बूच हुंगा. दमट तळघराचा वास साहजिक आहे. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशी आलेल्या वर्तमानपत्राचा वास असेल तर तो बुचाचा रोग असू शकतो. पण निवाडा पेल्यातच करायचा.

पेला कोणता? उंच, नळीसारखा फ्लूट नको. तो बुडबुड्यांची शोभा पाहायला आहे आणि इथे शोभा बेताचीच असणार. पांढऱ्या वाइनचा, मध्ये फुगीर आणि वर निमुळता होणारा पेला घ्या. तो तिरपा धरून काचेच्या कडेने हळूहळू ओता. फ्रान्समधल्या रँसच्या विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर आणि त्यांचे सहकारी शॅम्पेनच्या बुडबुड्यांवर अनेक वर्षं संशोधन करत आहेत. बिअरसारखं तिरप्या पेल्यात ओतल्यास जास्त वायू वाइनमध्ये टिकतो, असं त्यांनी २०१०मध्ये मोजून दाखवलं. आधीच वायू तोळामासा असलेल्या बाटलीत ही काटकसर उपयोगाची. प्रत्येकाला थोडीच द्या, पेल्याचा पाचवा हिस्सा पुरे. डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या रुंद सुरईत, ओतण्याचा सल्ला काही जण देतात; जुन्या बाटलीला मी तो देत नाही, उरलासुरला वायूही त्यात जातो.

आणि आता थांबायचं. पहिला वास बहुतेक वेळा निराश करतो: बंद खोली, कुजकी पानं, विझलेली काडी, कधी चीजसारखा उग्रपणा. २०१०मध्ये बाल्टिक समुद्रात आलांद बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या, सुमारे १७० वर्षं पाण्याखाली पडलेल्या; त्यांत व्हव्ह क्लिको, हाइडसिक आणि ज्युग्लार या घराण्यांच्या होत्या. तज्ज्ञांनी त्यांचा वास घेतला तेव्हा सुरुवातीला त्यांना ओले केस आणि चीज आठवलं. पेला फिरवून हवा लागू दिल्यावर मात्र भाजलेला, मसाल्याचा, धुराचा, चामड्याचा वास आणि मग फळं-फुलं वर आली. त्या वाइनमध्ये लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम साखर होती, आजच्या शॅम्पेनच्या कैक पट, म्हणून तुमच्या बाटलीशी थेट तुलना नको. पण हवेने घडणारा बदल तोच. दहा-पंधरा मिनिटं द्या, मध्येमध्ये हुंगत राहा.

जे जायचं ते एवढ्या वेळात जातं. बुचाचा रोग जात नाही, उलट वाढतो. ती बाटली बाजूला ठेवून दुसरी उघडा. हवेने वाइन पार मोडली असेल तर कापून ठेवलेल्या, लाल पडलेल्या सफरचंदाचा वास येतो, फळाचा मागमूस नसतो आणि चव जिभेवर येऊन लगेच संपते. फार हवा लागलेल्या पांढऱ्या वाइनमध्ये सोटोलॉन नावाचं द्रव्य वाढतं. मेथीच्या दाण्यांचा वास याच सोटोलॉनचा, त्यामुळे मराठी नाकाला तो इथल्या लोकांपेक्षा लवकर ओळखता येतो. मेथी पुसटशी जाणवली तर तिला मी गुण म्हणतो. पेलाभर मेथीच असेल तर वाइन गेली.

चांगल्या बाटलीत काय शोधायचं? मध, सुकं जर्दाळू, अक्रोड, मश्रूम, संत्र्याच्या सालीचा मुरांबा, ती मघाची बेरी. पण वासांची यादी पाठ करून जुळवत बसू नका, त्यापेक्षा तोंडातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. घोट जिभेवर पसरवून धरा: पेल्यात एकही बुडबुडा दिसत नसला तरी जिभेच्या टोकाला बारीक चुरचुर जाणवते का? उरलेला वायू तिथे कळतो आणि त्याने वाइन उचलली जाते. दुसरं, गिळल्यावर गालांच्या आत पाणी सुटतं का आणि चव किती वेळ रेंगाळते. पाणी सुटलं आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत चव टिकली, तर आम्लता जिवंत आहे आणि तुमच्या बाटलीला पैसे वसूल करायचा पूर्ण हक्क आहे. साधारण पहिल्या तासात ती सगळ्यात चांगली असते. काही बाटल्या विसाव्या मिनिटाला शिखरावर आणि पाऊण तासाला उतरणीवर. दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

यावरून एक विनंती. चाळीस पाहुण्यांत ‘चिअर्स’ करायला ही बाटली वापरू नका. पाहुण्यांसाठी चांगली साधी शॅम्पेन आणा, ही सहा-सात जणांत जेवणाआधी बसून प्या. दोन्ही बाटल्या गार करून ठेवा, पण एक उघडा. ती गेलेली निघाली तर दुसरी हाताशी. एकाच पेटीतल्या दोन बाटल्याही या वयात वेगळ्या वागतात, त्यामुळे पहिली बिघडली म्हणून दुसरीही तशीच असेल असं नाही. सोबत खायला लोण्यावर परतलेले मश्रूम किंवा जुनं कोंते चीज. वाढदिवस म्हणून पुरणपोळी असेलच, पण ती नंतर. गोडासोबत कोरडी शॅम्पेन नुसती आंबट लागते.

वाइन धड आहे पण अगदीच निपचित वाटली, तर एक जुनी युक्ती आहे: त्याच घराण्याची ताजी ब्रूट, म्हणजे कोरडी शॅम्पेन जुनीच्या तीन भागांना एक भाग या हिशेबाने पेल्यात मिसळायची. शुद्धतावादी नाक मुरडतात. मी आधी अर्धी बाटली आहे तशी पितो आणि मग बिनदिक्कत मिसळतो.

पुण्याच्या बाटलीबद्दल फार आशा ठेवू नका. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातली खडूच्या दगडातली तळघरं बारा महिने १०-१२ अंशांवर असतात. पुण्याच्या कपाटाने तितकेच एप्रिल-मे पाहिलेत. आधी लेबलावर साल छापलंय का पाहा. नसेल तर ती वेगवेगळ्या सालांच्या मिश्रणाची बाटली, जी घेतल्यावर थोड्या वर्षांत प्यायची असते. कदाचित ती फ्रान्सची नसेलही: ऐंशीच्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने पायपर-हाइडसिकच्या तांत्रिक मदतीने फेसाळ वाइन काढली होती, ‘मार्क्विस द पॉम्पादूर’ आणि परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावांनी. तशी निघाली तर रिकामी झाल्यावरही बाटली आणि लेबल जपून ठेवा, मला फोटो पाठवलात तर आनंद होईल. विकून पैसे मिळतील या भ्रमात नणंदेला ठेवू नका. कुठे, कशी साठवली याचा पुरावा नसलेल्या बाटलीला लिलावात कुणी विचारत नाही. पिण्याने अपाय होण्याची भीती नाही, बिघडलेली वाइन फार तर बेचव लागते. खूप गार करून, डोळ्यांवर चष्मा लावून, वर सांगितलेल्या पद्धतीने उघडा. उष्णतेत राहिलेल्या बाटलीचं बूच सगळ्यात जास्त तुटतं, म्हणून कॉर्कस्क्रू आणि गाळणी आधीच टेबलावर काढून ठेवायला सांगा.